ढालकिडे : मित्र कोणता, शत्रू कोणता?

(चिखला, ता. तुमसर, जि. भंडारा येथील शेतकऱ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या भागात धान हे मुख्य पीक. धुऱ्यावर तूर, धान निघाल्यावर लाखोळी, हरभरा, जवस आणि घरालगतच्या वाडीत वांगी, टमाटर, कारली, पोपट. या पिकांवर एक किडा हमखास नजरेस पडतो. हरभऱ्याची डाळ पालथी ठेवावी तसा त्याचा आकार. खालून सपाट, वरून फुगीर, पाठीवर बहुधा काळे ठिपके. त्याला आपण ढालकिडा किंवा लेडी बर्ड बीटल म्हणतो. काही जण नुसतेच 'ठिपक्याचा किडा' म्हणतात आणि घोटाळा तेथेच सुरू होतो. या एका नावाखाली पिकाची राखण करणारे किडे येतात, तसेच पीक खाणारेही येतात. त्यांची ओळख पटली नाही, तर पदरचे पैसे खर्चून आपण आपलाच राखणदार मारतो.

मी कृषिविद्या हा विषय शिकवतो. किडींच्या शास्त्रीय वर्गीकरणात आज शिरायचे नाही. पंप पाठीवर घ्यायचा की नाही, हे ठरवण्यापुरती ओळख व्हावी, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

एकाच कुळातील दोन स्वभाव

जगात ढालकिड्यांच्या सुमारे ६,००० जाती आहेत. त्यांतील बहुतेक मांसाहारी आहेत. मावा, तुडतुड्यांची पिले, खवले कीड, पिठ्या ढेकूण हे त्यांचे खाद्य. थोड्या जाती मात्र पाने खाऊन जगतात. आपल्याकडे वांग्यावर येणारा एपिलॅक्ना भुंगेरा हा त्यांपैकी एक. त्याच्या दोन जाती नेहमी आढळतात. एकीच्या पाठीवर २८ ठिपके, म्हणजे प्रत्येक पंखावर १४. दुसरीच्या पाठीवर १२, म्हणजे प्रत्येक पंखावर ६. वांगी, टमाटर, बटाटा, कारली यांवर तसेच धोत्र्यासारख्या रानटी झाडांवरही हे भुंगेरे राहतात.

मित्र ढालकिड्यांतही पुष्कळ प्रकार आहेत. सात ठिपक्यांचा लाल ढालकिडा लाखोळी, मोहरी यांवरील माव्यात दिसतो. दुसऱ्या एका जातीच्या पिवळ्या-नारिंगी पाठीवर काळ्या नागमोडी रेषा असतात. हा किडा चवळी आणि पोपटावरील माव्यात नेहमी सापडतो. धानाच्या बांधीत तर असा एक ढालकिडा असतो की, त्याच्या नारिंगी पाठीवर एकही ठिपका नसतो.

तेव्हा नुसते ठिपके मोजून निर्णय घेऊ नये. २८ ठिपक्यांच्या भुंगेऱ्यातही काहींचे ठिपके पुसट असतात, तर काहींचे एकमेकांत मिसळलेले असतात. बोटात धरल्यावर पायांच्या सांध्यांतून पिवळा, उग्र वासाचा द्रव येतो, तीही खूण धरू नये. मित्र आणि शत्रू दोघेही तसे करतात.

ओळखीच्या खुणा

१) पाठीची चमक : किडा उन्हाकडे धरून पाहावा. मित्र ढालकिड्याची पाठ तेल लावल्यासारखी गुळगुळीत आणि चकचकीत दिसते. एपिलॅक्नाच्या पाठीवर बारीक, आखूड लव असते. त्यामुळे तांबूस-तपकिरी रंग असूनही तो मळकट, निस्तेज दिसतो. लहान भिंगातून ही लव स्पष्ट दिसते. प्रौढ किडा ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण आहे.

२) मानेचा भाग : सात ठिपक्यांच्या मित्र किड्याच्या डोक्यामागील भाग काळा असून दोन्ही कोपऱ्यांवर पांढरे डाग असतात. एपिलॅक्नाचा हा भाग पाठीच्याच तांबूस रंगाचा असतो.

३) अळी : येथे गल्लत होण्याचे कारणच नाही. एपिलॅक्नाची अळी फिकट पिवळी, जाडसर आणि मंद असते. तिच्या अंगभर फांद्या फुटलेले काटे असतात. मित्र किड्याची अळी लांबट, राखाडी-काळपट असून तिच्यावर पिवळे किंवा नारिंगी डाग असतात. ती लहानशा मगरीसारखी दिसते आणि माव्याच्या शोधात झाडभर फिरत असते. आपले शेतकरी प्रौढ ढालकिडा ओळखतात, पण ही काळपट अळी दिसली की तिलाच नवी कीड समजतात. वास्तविक हीच अळी माव्याचा फडशा पाडत असते.

४) अंडी : दोघांचीही अंडी पिवळी, लांबट आणि पानावर उभी, पुंजक्याने घातलेली असतात. एपिलॅक्नाच्या पुंजक्यातील अंडी थोडी मोठी व सुटी सुटी असतात, मित्राची दाट, खेटून. पण येथे पीकही पाहावे. वांग्याच्या पानाखाली पुंजका आहे आणि जवळपास मावा नाही, तर तो एपिलॅक्नाचा असण्याचा संभव अधिक. माव्याच्या वसाहतीजवळ असेल, तर त्याला हात लावू नये.

५) पानावरील खूण : एपिलॅक्नाच्या अळ्या व भुंगेरे पानाचा हिरवा भाग खरवडून खातात आणि शिरा तेवढ्या शिल्लक ठेवतात. पानाची जाळी होते, ते तपकिरी पडून वाळते. अशी जाळी नसताना नुसता ढालकिडा दिसला, तर आधी माव्याचा शोध घ्यावा.

वेलवर्गीय भाज्यांत तांबडा भुंगेरा येतो, त्यालाही काही जण ढालकिडा समजतात. तो लांबट असतो, डाळीसारखा गोल नसतो आणि त्याच्या मिशा लांब असतात. ढालकिड्याच्या मिशा अगदी आखूड, टोकाला जाडसर असतात.

इतके करूनही शंका राहिली, तर घरीच परीक्षा करावी. रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत एका बाजूला वांग्याचे कोवळे पान आणि दुसऱ्या बाजूला मावा असलेली डहाळी ठेवावी. त्यात एकच किडा सोडून तोंडाला पातळ फडके बांधावे. उपाशी ढालकिडे एकमेकांनाही खातात, म्हणून दोन किडे सोडू नयेत. दुसऱ्या दिवशी पान खरवडलेले दिसते की मावा कमी झालेला दिसतो, ते पाहावे. मुलांनाही हा प्रयोग करायला आवडेल.

धानाच्या बांधीत काय होते?

या ओळखीचे खरे मोल धानात कळते. बिनठिपक्यांचा नारिंगी ढालकिडा आणि त्याची अळी तुडतुड्यांची पिले खातात. धान फुलोऱ्यावर असताना हा किडा लोंबीवर दिसतो, कारण तो परागकणही खातो. त्याने धानाचे लक्षात येण्याजोगे नुकसान होत नाही. मात्र लोंबीवर किडा पाहून आपण घाबरतो आणि फवारणी करतो. त्या फवारणीत ढालकिडे आणि कोळी आधी मरतात. तपकिरी तुडतुड्याची अंडी धानाच्या पर्णकोषाच्या आत असतात, त्यांच्यापर्यंत औषध पोहोचत नाही. आठवड्याभरात पिले बाहेर पडतात, तेव्हा त्यांना खाणारे बांधीत कोणीच उरलेले नसते. मग तुडतुडे पूर्वीपेक्षा अधिक वाढतात आणि धान गोल गोल चट्ट्यांनी वाळू लागते.

हा अनुभव इतर देशांनीही घेतला आहे. इंडोनेशियात नको तितक्या फवारण्यांमुळे तपकिरी तुडतुड्याचा उद्रेक झाला, तेव्हा तेथील सरकारने १९८६ साली ५७ कीटकनाशकांच्या धानावरील वापरास बंदी घातली. उलट बाजूचे उदाहरण त्याहून जुने आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील संत्रावर्गीय बागा एका खवले किडीमुळे बसल्या होत्या. १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या व्हेडेलिया या लहानशा ढालकिड्याने त्या वाचवल्या. भारतातही १८९८ साली ऑस्ट्रेलियातून एक ढालकिडा आणला गेला. पेरू, सीताफळ, द्राक्ष यांवरील पिठ्या ढेकणासाठी आज तो सोडला जातो. त्याच्या अळीच्या अंगावर पांढरे मेणचट तंतू असतात आणि ती पिठ्या ढेकणासारखीच दिसते. येथेही ओळख नसली, तर कीड समजून मित्रच मारला जातो.

एपिलॅक्नाचे नियंत्रण

वाडीतील पाच-पंचवीस वांग्यांसाठी पुढील उपाय पुरेसे आहेत.

आठवड्यातून दोनदा पानांची खालची बाजू पाहावी. एपिलॅक्नाचे अंडीपुंज आणि काटेरी पिवळ्या अळ्या असलेली पाने तोडून नष्ट करावीत. सकाळी भुंगेरे सुस्त असतात. त्या वेळी झाड हलवून ते रॉकेलमिश्रित किंवा साबणाच्या पाण्यात पाडावेत. प्रादुर्भाव वाढल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी अर्धा किलो निंबोळीचे चूर्ण रात्रभर पाण्यात भिजवून फडक्यातून गाळावे, थोडा साबण मिसळून एकूण १० लिटर द्रावण करावे आणि फक्त किडलेल्या झाडांवर, पानांच्या खालून फवारावे.

पाने तोडताना एक काळजी घ्यावी. काही काटेरी अळ्या तपकिरी, फुगलेल्या आणि पानाला चिकटून मेलेल्या आढळतात. त्यांच्या पोटात पेडिओबियस नावाच्या सूक्ष्म गांधीलमाशीची पिले वाढत असतात. हीच माशी १९६६ साली भारतातून अमेरिकेत नेण्यात आली, कारण तेथे एपिलॅक्नाच्या भाऊबंदाने घेवड्याचे पीक सतावले होते. आपल्या वाडीत ती फुकट येते. तेव्हा अशा मेलेल्या अळ्या झाडावरच राहू द्याव्यात.

रासायनिक औषध वापरण्याची वेळ आलीच, तर ते त्या पिकासाठी शिफारस केलेले आहे का आणि फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी करायची, हे डब्यावर वाचून घ्यावे. वाडीतले वांगे दुसऱ्याच दिवशी आपल्याच घरी शिजते, हे विसरू नये. शंका असल्यास किडा बाटलीत घालून साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी खात्याच्या कर्मचाऱ्याला दाखवावा. नुसत्या वर्णनावरून सल्ला देणे कठीण असते, किडा समोर असला की काम सोपे होते.

शेवटी एकच विनंती. या हंगामात औषध विकत आणण्यापूर्वी प्रत्येकाने एक भिंग आणावे. ते एकदाच घ्यावे लागते आणि वर्षानुवर्षे टिकते. पाठ चकचकीत आहे की लवदार, अळी काळपट आहे की पिवळी काटेरी, पान शाबूत आहे की जाळीदार, हे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. उत्तरे मित्राच्या बाजूची आली, तर पंप खुंटीलाच राहू द्यावा.