पावणेतीन फुटांची तार



मागच्या महिन्यात आम्ही एका वाडीवर गटाच्या बैठकीला गेलो होतो. तिथल्या बायका म्हणाल्या, "ताई, तुमचा कार्यक्रम नुसता खरखरतो, म्हणून बाजारातून हे आणलं." मोबाईलच्या पाठीला चिकटवायची नखाएवढी सोनेरी चकती! विकणाऱ्यानं सांगितलं होतं, हिच्यात टॉवरची ताकद आहे. बऱ्याच जणींनी ती घेतली, पैसे बचतीतून गेले आणि खरखर तशीच राहिली. म्हणून आज एरियलविषयी बोलू.

आपलं केंद्र लागतं 90.4 मेगाहर्ट्झवर. तिथल्या रेडिओ लहरीची लांबी असते सुमारे 3.3 मीटर, म्हणजे जवळजवळ अकरा फूट. अशी लहर नीट पकडायला तिच्या पाव भागाएवढी तार चांगली, म्हणजे पावणेतीन फूट. रेडिओची ओढून लांब होणारी दांडी आठवा. मोबाईलवर एफएम ऐकताना इअरफोनची वायर हेच काम करते. म्हणून तर वायर जोडल्याशिवाय बहुतेक फोनवर एफएम लागतच नाही.

मग नखाएवढ्या चकतीनं का भागत नाही? अमेरिकेत हॅरॉल्ड व्हीलर यांनी 1947 साली आणि लान जेन चू यांनी 1948 साली याचा हिशेब मांडला. लहरीच्या मानानं एरियल फार लहान झालं, की ते झोक्यासारखं वागतं. झोका आपल्याच लयीत झुलतो. त्या लयीत धक्का दिला तर चढतो, लय जरा चुकली की अडखळतो. तसं चिमुकलं एरियल एका बारीक पट्टीपुरतंच चालतं. आकार निम्मा केला, तर ती पट्टी जवळजवळ आठव्या हिश्श्यावर येते. पट्टी मुद्दाम रुंद केली, तर लहरीची ताकद उष्णतेत वाया जाते. लहान आकार, रुंद पट्टी आणि पुरती ताकद, या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. हा कारागिराचा दोष नाही, निसर्गाचंच माप आहे. पावशेराच्या मापात शेर मावत नाही.

कुणी विचारेल, मग मोबाईलवर बोलताना एरियल दिसत नाही ते कसं? तिथली लहरच आखूड असते. 900 मेगाहर्ट्झची लहर सुमारे 33 सेंटिमीटर, तिचा पाव भाग आठ सेंटिमीटर. तेवढं फोनच्या अंगात बसतं.

त्या वाडीवर आम्ही पाहिलं, तर एकीच्या इअरफोनची वायर गुंडाळून रबर लावलेलं. रबर काढलं, वायर सरळ सोडली, खिडकीपाशी गेलो, आणि आवाज मोकळा झाला. सगळ्याजणी हसल्या. एक आजी मात्र म्हणाली, "हे आधी कुणी सांगितलं असतं, तर पैसे वाचले असते."

म्हणून सांगतो. वायर पूर्ण सोडा. रेडिओची दांडी पूर्ण ओढा. उभी, तिरपी करून पाहा. पत्र्याच्या खोलीत आवाज अडतो, दारात या. दांडी तुटली असेल, तर तिच्या बुडाशी पावणेतीन फूट तांब्याची तार घट्ट जोडा. पण ती विजेच्या वायरींपासून लांब ठेवा आणि ढग गडगडत असताना बाहेर लोंबकळत ठेवू नका.

आणि कुणी जादूची चकती विकायला आला, तर आधी गटात विचारा. पैसे मग काढा.