मासाई पशुपालक आणि बदलते हवामान



केनियाचा दक्षिण भाग आणि टांझानियाचा उत्तर भाग ही मासाई लोकांची भूमी. गाई, शेळ्या व मेंढ्या हेच त्यांचे धन. दूधदुभते त्यांचेच, लग्नकार्यातील देणे गाईंचे आणि औषधपाण्याचा व शाळेचा खर्चही बहुधा जनावर विकूनच भागतो. त्यामुळे पाऊस चुकला की तेथील कुटुंबाचा आधारच खचतो.

या प्रदेशात मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर असा दोनदा पाऊस येतो. २०२० च्या अखेरीपासून २०२२ च्या अखेरीपर्यंत पूर्व आफ्रिकेच्या विस्तृत भागात असे लागोपाठ पाच हंगाम अपुरे गेले. केनियात लक्षावधी जनावरे दगावली. वाढत्या उष्णतेने जमिनीतील ओल आटून या अवर्षणाची तीव्रता वाढली, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी २०२३ साली काढला.

अवर्षण मासाईंना नवे नाही. पावसामागे कळप नेणे, पाणवठ्यालगतची कुरणे कोरड्या दिवसांसाठी राखणे आणि वासरांकरिता घराजवळ ‘ओलोपोलोली’ नावाचे गवती रान बंद ठेवणे ही त्यांची पूर्वापार व्यवस्था आहे. मात्र ब्रिटिशांबरोबरच्या १९०४ व १९११ च्या करारांनी त्यांची उत्तम कुरणे गेली. १९६८ च्या कायद्याने केनियात सामूहिक मालकीची राने निर्माण झाली. परंतु पुढे काजियाडो भागात त्यांपैकी अनेकांच्या वाटण्या होऊन कुंपणे उभी राहिली. संकट वाढले त्याच काळात ते टाळण्याची वाट अरुंद झाली.

म्हणून साहाय्याचा पहिला प्रश्न जमिनीचा आहे. केनियाच्या २०१६ च्या सामुदायिक भूमी कायद्याने अशा जमिनींच्या नोंदणीची तरतूद केली आहे. त्याच्या जोडीला काजियाडोतील कुकू परिसरात अर्धचंद्राकृती चर खणले जात आहेत. वाहून जाणारे पाणी त्यांत मुरते आणि उजाड जमिनीवर गवत पुन्हा रुजते. महिलांचे गट गवताचे बी तयार करून विकतात. उत्तर केनियात मार्साबित येथे २०१० साली सुरू झालेल्या पशुविम्यात उपग्रहाने टिपलेली हिरवळ ठरावीक पातळीखाली गेली की भरपाई मिळते; प्रत्येक मृत जनावराचा पंचनामा करावा लागत नाही.

हे उपाय उपयुक्त आहेत. पण कळपाला हिंडण्यास मोकळे रान नसेल, तर चर आणि विमा दोन्ही अपुरे ठरतील. पशुपालकांना एका जागी बसविणे म्हणजे विकास, ही समजूत आता सोडली पाहिजे. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष गवताळ राने व पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले आहे. योजना आखताना वडीलधाऱ्या गुराख्यांना आणि घर चालविणाऱ्या स्त्रियांना प्रथम विचारावे, हाच मासाईंच्या अनुभवाचा बोध होय.