तान्ह्या बाळाचा पहिला घोट

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात माता-पालकांपुढे केलेले भाषण)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा असा प्रश्न आम्हांपुढे उभा राहिला. शिक्षण, हुंडा, वधूवर-मेळावा, गरजू विद्यार्थ्यांस साहाय्य, या विषयांची चर्चा या व्यासपीठावरून दरवर्षी होते आणि ती व्हावी हे योग्यच आहे. परंतु आपल्या ज्ञातीचा जो सर्वांत धाकटा सभासद, ज्याला अद्याप बोलताही येत नाही, त्याची बाजू मांडावयास येथे कोणी उभे राहत नाही. म्हणून अंगावर पिणाऱ्या बालकास पाणी केव्हा द्यावे व ते प्यावयास कसे शिकवावे, हा वरकरणी क्षुल्लक दिसणारा विषय आम्ही आज घेतला आहे. आम्ही वैद्य नव्हे. आयुष्य शाळेत मुलांना अक्षरओळख करून देण्यात गेले. आणि पाणी पिणे हीदेखील एक विद्याच असल्यामुळे शिक्षकाने तिच्याविषयी बोलणे अगदीच अप्रस्तुत होणार नाही, असे आम्हांस वाटते.

या बाबतीत घरोघर दोन वाद चालतात. पहिला वाद बाळ लहान असताना होतो. आजी म्हणते, "वैशाखाचा उन्हाळा, लेकराच्या घशाला कोरड पडली असेल, दोन चमचे पाणी घाल." सून म्हणते, "डॉक्टरांनी नको म्हटले आहे." दुसरा वाद सहा महिन्यांनंतर उद्भवतो. आता पाणी द्यावयाचे, तर बाळच तोंड फिरविते, ओठ घट्ट मिटते, दिलेला घोट थुंकून टाकते. पहिल्या वादात घाई होते आणि दुसऱ्यात बळजबरी. दोन्हींचे मूळ प्रेमातच आहे, परंतु दोन्हींपासून बालकास अपाय होतो.

प्रथम पहिल्या प्रश्नाचा विचार करू. आईच्या दुधात शंभर भागांत सुमारे सत्त्याऐंशी भाग पाणीच असते. निसर्गाने अन्न आणि पाणी एकाच पात्रात घालून दिले आहे. म्हणून बाळ पूर्ण सहा महिन्यांचे होईपर्यंत, ऐन उन्हाळ्यातदेखील, त्यास वेगळ्या पाण्याची यत्किंचितही आवश्यकता नाही. उष्मा वाढला तर बाळ अधिक वेळा अंगावर घ्यावे आणि आईने स्वतः तहानेप्रमाणे भरपूर पाणी प्यावे. तान्ह्याचे पोट ते केवढे! त्यात पाणी भरले की दुधाला जागा उरत नाही. बाळ कमी ओढते आणि बाळ कमी ओढू लागले की आईचे दूधही कमी होते. मग "हिला दूधच पुरत नाही" असा ठपका त्या माउलीवर येतो. शिवाय पाणी अशुद्ध असेल तर हगवण ठरलेली. आणि शुद्ध असले तरी ते फार झाल्यास कोवळ्या मूत्रपिंडांना झेपत नाही, रक्तातील मिठाचे प्रमाण उतरते आणि प्रसंगी बाळास झटकेही येतात. हाच न्याय साखरपाणी, ग्राइप वॉटर, घुटी आणि मध यांनाही लागू आहे. मध तर वर्षाच्या आत मुळीच चाटवू नये, कारण त्यातून तान्ह्यास बॉट्युलिझम नावाचा घातक विकार जडू शकतो. डॉक्टरांनी दिलेले औषध अथवा जीवनसत्त्वाचे थेंब यांना मात्र हा निषेध नाही.

येथे वडीलधाऱ्या स्त्रियांच्या वतीने एक शब्द बोलणे अवश्य आहे. त्या काही मनाचे रचून सांगत नाहीत. पूर्वी खुद्द डॉक्टरही चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान वरचे अन्नपाणी सुरू करा, असेच सांगत असत. जागतिक आरोग्य परिषदेने पूर्ण सहा महिने केवळ आईच्या दुधाचा पुरस्कार केला तो २००१ साली. तेव्हा ज्यांची बाळंतपणे त्याआधी झाली, त्यांनी आपल्या काळचे ज्ञान पाळले, एवढेच. आज ज्ञान पुढे गेले आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिन्यांखालील सुमारे ६४ टक्के बालके निव्वळ आईच्या दुधावर असल्याचे आढळले. म्हणजे अजूनही तिघांपैकी एकाच्या तोंडी दुसरे काहीतरी पडत होते. तो एक आपल्या घरातील नसावा, एवढीच आमची विनंती.

आता दुसरा प्रश्न. आपल्या पूर्वजांनी मुलाच्या उष्टावणासाठी सहावा महिना सांगितला, ही मोठी समंजस योजना होय. काही घराण्यांत मुलीचे उष्टावण पाचव्या महिन्यात करतात. मुलगा असो वा मुलगी, पोट दोघांचे सारखेच. म्हणून दोघांचेही उष्टावण सहा महिने पुरे झाल्यावर करावे, असे आम्ही सुचवितो. त्या दिवशी पहिल्या घासाबरोबरच पहिला घोटही यावा. वरचे अन्न सुरू झाले की शौचास घट्ट होऊ लागते, म्हणून तेव्हापासून पाण्याची गरज खरी.

ही विद्या शिकवावी कशी? अक्षर शिकविताना आम्ही मुलास प्रथम पाटी हाताळू देत असू. रेघोट्या ओढू देत असू. त्यानंतर 'ग' गमभनचा. पाण्याचेही तसेच आहे. आरंभी एक लहान रिकामी वाटी किंवा फुलपात्र बाळाच्या हाती खेळावयास द्यावे. घरची मंडळी जेवावयास बसली की त्यास मांडीवर बसवावे, म्हणजे मोठी माणसे पाणी पितात हे ते पाहील. आणि अनुकरण हा तर बालकाचा पहिला गुरू. नंतर चार घास खाऊन झाल्यावर वाटीत थोडेसे पाणी घ्यावे, बाळास ताठ बसवावे, वाटीची कड खालच्या ओठास लावावी आणि पाणी ओठास स्पर्श करील इतकीच वाटी कलती करावी. पाणी तोंडात ओतू नये. बाळास स्वतः ते ओढू द्यावे. पूर्वी बाळास पायांवर आडवे घेऊन, नाक दाबून, बोंडल्याने पाजण्याची रीत होती, ती सर्वथा त्याज्य आहे. तीत पाणी श्वासनलिकेत जाण्याचे भय असते, आणि बाळाच्या मनात भांड्याविषयी कायमची धास्ती बसते ती निराळीच.

आईच्या मांडीवर बसले की काही बाळांना दुधाचाच वास येतो व ती पाण्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. अशा वेळी आजोबांनी, वडिलांनी किंवा आत्याने वाटी पुढे करावी. बाळ भुकेने व्याकूळ झाले असताना अथवा नुकतेच पोटभर पिऊन झाले असताना हा प्रयोग करू नये. तोंड फिरविले तर वाटी खाली ठेवावी, रागावू नये, आर्जवेही करू नयेत. पुढच्या जेवणास पुन्हा पुढे करावी. पहिले काही दिवस दोन-चार चमचे गेले तरी पुष्कळ. वर्षाचे होईपर्यंत दिवसभरात मिळून अर्धा ते एक पेला, म्हणजे सुमारे १२० ते २४० मिलीलिटर, पाणी पुरे होते. त्याहून अधिक पाजण्याचा हट्ट धरल्यास दूध व अन्न मागे पडते.

"पण ते घेतच नाही, काय करावे?" असे तरुण माता काकुळतीने विचारतात. त्यांनी भिऊ नये. बाळ अंगावर नीट पीत असेल, दिवसरात्रीत सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची लघवी करीत असेल आणि हसतखेळत असेल, तर त्यास पाण्याची कमतरता नाही, असे समजावे. काही मुलांना चार दिवस लागतात, काहींना चार आठवडे. वर्गातदेखील सर्व मुले एकाच दिवशी वाचावयास लागत नाहीत. परंतु लघवी कमी झाली, तोंड कोरडे पडले, टाळू खोल गेली किंवा बाळ मलूल दिसले, तर वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

बाळ पाणी घेत नाही म्हणून त्यात साखर, गूळ किंवा सरबत मिसळण्याचा मोह होतो. तो आवरावा, गोडाची चटक लागली की साधे पाणी कायमचे नावडते होते. बशीतला चहा चाटविण्याची खोड तर आपल्याकडे फार. चहामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही, हे ध्यानात ठेवावे. बाटलीच्या वाटेस तर जाऊच नये. तिच्या बोंडात जंतू दडून राहतात, ती स्वच्छ ठेवणे कठीण, आणि तिची सवय लागलेले बाळ कधी कधी आईचे दूध सोडते. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने दूध पाजण्याच्या बाटल्यांच्या जाहिरातीस बंदी केली आहे, ती उगाच नव्हे.

पाणी गाळून घ्यावे, खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट तसेच उकळू द्यावे, त्याच भांड्यात झाकून निववावे आणि त्याच दिवशी संपवावे. पाणी काढावयास लांब दांड्याचे ओगराळे वापरावे. भांड्यात हात बुडवू नये. पाजणाऱ्याने आधी हात साबणाने धुवावेत.

या सर्व खटाटोपाचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर मोठे गंभीर आहे. हगवण ही लहान मुलांची जुनी वैरीण. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा घातलेले पाणी पाजून असंख्य प्राण वाचविले. आणि ते पाजणारे हात पुष्कळदा रोग्यांच्या नातलगांचेच होते. तीच आजची जलसंजीवनी. ती सरकारी दवाखान्यात मिळते, परंतु पाजावी लागते चमच्याचमच्याने, घरच्या माणसांनाच. ज्या बाळास वाटीचमच्याची ओळख आहे, ते आजारातही चार घोट घेते. ज्यास भांड्याची धास्ती आहे, ते ऐन संकटात तोंड मिटून घेते. म्हणून निरोगी दिवसांत शिकविलेला घोट हा आजाराच्या दिवसाचा ठेवा आहे. सहा महिन्यांच्या आतील बाळास जुलाब झाले, तर मात्र त्यास अधिक वेळा अंगावर पाजावे आणि तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.

शेवटी संस्थेच्या चालकांस दोन सूचना सादर करतो. बारशाला व उष्टावणाला आपण बाळास पुष्कळ भेटी देतो. त्यांत बाटली देऊ नये, वाटीचमचा द्यावा. चांदीचा असलाच पाहिजे असे नाही, स्टीलचाही तितकाच गुणकारी. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. आपली लग्नकार्ये व संमेलने होतात, तेथे लेकुरवाळीस बसून बाळास पाजता येईल असा एकही आडोसा नसतो. बाळ रडू लागते, माता संकोचते आणि कोणीतरी जवळच्या पेल्यातील पाणी त्या तान्ह्याच्या तोंडास लावते. घरी पाळलेला नेम कार्यालयात मोडतो, तो असा. पुढील संमेलनापासून एक स्वच्छ खोली, दोन खुर्च्या आणि दारास पडदा, एवढी व्यवस्था संस्थेने करावी. त्यास खर्च फारसा नाही. केवळ आठवण ठेवणारा कार्यकर्ता हवा.

आजींनी सुनेची पाठराखण करावी, पुरुषांनी पाणी उकळण्याचे काम आपल्याकडे घ्यावे, आणि बाळास आपल्या गतीने शिकू द्यावे.