शुद्ध एचटीएमएल आणि शोधयंत्राची मर्जी

गेल्या महिन्यांत सदाशिव पेठेंतील एका जुन्या वाचनालयाचे चिटणीस मजकडे आले. त्यांच्या हातीं चार कागद होते आणि त्यांवर वाचनालयाच्या वेबसाइटमधील दोनशेंहून अधिक चुका तांबड्या अक्षरांत मांडल्या होत्या. ‘तुमचें एचटीएमएल अशुद्ध आहे म्हणून गूगल तुम्हांस वर आणीत नाहीं, शुद्धीकरणास साठ हजार रुपये पडतील,’ असा एका व्यावसायिकाचा निकाल. तेवढ्या रकमेंत वाचनालयाचीं वर्षाचीं नवीं पुस्तकें येतात. चिटणीस म्हणाले, “अहो, हा खर्च करूं कीं नको, एवढेंच सांगा.”

एचटीएमएल म्हणजे मथळा कोठें, परिच्छेद कोठें, दुवा कोठें, हें संगणकास सांगणाऱ्या खुणांची भाषा. ती टिम बर्नर्स-ली यांनीं घडविली. १९९४ सालीं त्यांनींच स्थापिलेल्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचें एक तपासनीस यंत्र आहे. तें कोणत्याही पानाच्या चुका विनामूल्य दाखवितें. ते चार कागद त्याचेच.

आतां उत्तर. निव्वळ शुद्धतेबद्दल वरचा क्रम मिळत नाहीं, असें गूगलचे मॅट कट्स व त्यांच्यामागून जॉन म्युलर यांनीं जाहीरपणें सांगितलें आहे. तें सयुक्तिकही आहे. उत्तमांतली उत्तम माहिती पुष्कळदां अशुद्ध पानावर असते, आणि ती टाकून शोधयंत्राचा निर्वाह कसा व्हावा? पत्त्यांत ‘शनिवार’मधील ‘नि’ दीर्घ लिहिला म्हणून पोस्टमन पत्र परत नेत नाहीं.

परंतु पेठच चुकली तर? पानाच्या आरंभीं ‘हेड’ नांवाचा भाग असतो. पानाची नोंद घ्यावी कीं नाहीं, त्याचा मूळ पत्ता कोणता, या सूचना तेथें असतात. त्यांत एखाद्या चित्राची खूण चुकून शिरली, तर ‘हेड’ तेथेंच संपला असें गूगल धरतें आणि पुढील सूचना वाचल्याच जात नाहींत. अशी चूक मात्र तत्काळ काढावी. वाचनालयाच्या कागदांत ती नव्हती. बहुतेक चुका चित्रांस पर्यायी शब्द न दिल्याच्या होत्या. ते शब्द अंध वाचकांसाठीं अवश्य द्यावेत, पण त्यास दोन संध्याकाळ पुरतात.

खरा दोष त्या कागदांवर नव्हताच. वाचनालयाच्या पंचवीस वर्षांपूर्वींच्या व्याख्यानवृत्तांतांतील एक ओळ मीं उचलून दुसरीकडे ठेवली, तों तिचीं रोमन अक्षरें व विरामचिन्हें झालीं! हा आपला जुना रोग. वास्तविक १९८८ सालीं पुण्यांतच स्थापन झालेल्या सी-डॅकमध्यें भारतीय लिप्यांच्या ‘जिस्ट’ तंत्राचें मोठें काम झालें. युनिकोड १९९१ सालीं आलें आणि त्यांतील देवनागरीची मांडणी आपल्याच ‘इस्की’ या संकेतावर बेतलेली होती. तथापि पुढें कित्येक वर्षें मराठी वेबसाइटी आपापल्या फाँटांतच लिहिल्या गेल्या. त्यांत आंत रोमन अक्षर असतें व फाँट त्यास देवनागरीचा अंगरखा चढवितो. डोळ्यांस ‘क’ दिसतो. शोधयंत्रास तो दिसत नाहीं. तपासनीस यंत्राला यांत कांहींच गैर वाटत नाहीं, कारण खुणा बिनचूक असतात. पान निर्दोष, आणि तरीही कोणास न सांपडणारें!

मीं चिटणीसांस सांगितलें कीं साठ हजार राहूं द्या. हे वृत्तांत युनिकोडमध्यें आणा. रूपांतर करणारीं साधनें फुकट मिळतात, मात्र मुद्रितें डोळ्यांत तेल घालून तपासावीं लागतात. रफार हमखास सरकतो. ‘दऱ्या’तील अर्धा र तर दोन निरनिराळ्या संकेतांनीं लिहितां येतो, तो सर्वत्र एकाच रीतीनें लिहावा.

जातां जातां आणखी एक. पानाची भाषा मराठी आहे अशी खूण एचटीएमएलमध्यें करतां येते. गूगल ती पाहत नाहीं. दिसणाऱ्या मजकुरावरूनच भाषा ठरवितें. तरी मी ती करावयास सांगतों, कारण कांहीं फाँट ती खूण पाहूनच हिंदी वळणाच्या ‘ल’ व ‘श’ यांऐवजीं आपल्या वळणाचे काढतात.

पहिल्या दहा व्याख्यानांचें रूपांतर झालें आहे. मुद्रितें सध्यां माझ्याच टेबलावर आहेत, आणि चिटणीस दर शनिवारीं तगादा लावतात.