पाहुण्या संगणकातील सामाईक फोल्डर



खेड्यातील शाळेत पुष्कळदा संगणक एकच असतो व त्यावर विंडोज चालत असते. मुलांना लिनक्सचाही परिचय व्हावा असे शिक्षकास वाटले, तर त्यासाठी मूळची व्यवस्था मोडण्याचे कारण नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेली व्हर्च्युअलबॉक्स ही प्रणाली विनामूल्य मिळते. तिच्यायोगे एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालविता येतो. बाहेरचा तो यजमान, आतला तो पाहुणा.

पाहुण्याचे बिऱ्हाड स्वतंत्र असते. यजमानाच्या फायली त्याला आपोआप दिसत नाहीत, आणि ते योग्यच होय. परंतु यजमानाकडील चित्रे किंवा प्रश्नपत्रिका मुलांपुढे ठेवावयाच्या असतील, तर दोहोंमध्ये एक सामाईक फोल्डर लागतो. त्याकरिता पाहुण्यामध्ये प्रथम ‘गेस्ट अ‍ॅडिशन्स’ बसवावी. तिच्यावाचून पुढील सारी खटपट व्यर्थ जाते. नंतर पाहुण्याच्या सेटिंगमध्ये फोल्डर निवडून ‘ऑटो-माउंट’वर खूण करावी. लिनक्समध्ये तो ‘मीडिया’ या फोल्डरात, नावाआधी ‘एसएफ’ ही अक्षरे घेऊन प्रकट होतो.

येथे बहुतेकांची गाडी अडते. फोल्डर दिसतो, पण उघडत नाही. संगणक बिघडला अशी समजूत होते; वास्तविक बिघाड काहीच नसतो. ‘व्हीबॉक्सएसएफ’ नावाच्या गटातील वापरकर्त्यांनाच तेथे प्रवेश आहे. मुलांच्या खात्याचे नाव त्या गटात घालावे, आणि खाते बंद करून पुन्हा उघडावे. हे शेवटचे काम विसरले जाते व तासभर फुकट जातो.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. हा फोल्डर म्हणजे यजमानाकडील फायलींची नक्कल नव्हे. दोन वर्गांमधील भिंतीत दोन्ही बाजूंनी उघडणारे कपाट असावे, तसा तो आहे. एका वर्गातील मुलाने वही काढून नेली, तर दुसऱ्या वर्गाला ती कोठून मिळणार? पाहुण्यामध्ये पुसलेली फाईल यजमानाकडूनही जाते. विंडोजच्या रिसायकल बिनमध्येही ती सापडत नाही. पाहुण्याची जुनी स्थिती परत आणणाऱ्या ‘स्नॅपशॉट’वर काही शिक्षक विसंबतात. पाहुण्याचे स्वतःचे बिऱ्हाड त्याने पूर्ववत होते खरे, पण सामाईक फोल्डर त्याच्या कक्षेत येत नाही.

यास्तव मुलांनी केवळ वाचावयाच्या फायलींचा फोल्डर देताना ‘रीड-ओन्ली’वर खूण अवश्य करावी. ती यजमानाकडील असल्याने पाहुण्यामधून कोणालाही काढता येत नाही. मुलांचे लेखन परत घ्यावयाचे असल्यास दुसरा रिकामा फोल्डर त्या खुणेवाचून द्यावा, आणि तास संपताच त्यातील काम अन्यत्र उतरवून घ्यावे. हजेरीपट व निकालपत्रके या दोहोंपैकी कोणत्याही फोल्डरात ठेवू नयेत.