पिलांच्या पोटातली राखण



गेल्या पावसाळ्यात एक कुक्कुटपालक बंधू आमच्याकडे आले. म्हणाले, "साहेब, पिलं महिन्याची झाली, पातळ हगतात, मर लागलीय. दोन औषधं झाली, तिसरं सांगा." मी विचारलं, गंबोरोची लस कशी पाजली? तर म्हणे, ब्लिचिंग टाकलेल्या पाण्यातून! मेलेलं पिल्लू दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फाडून पाहिलं, गंबोरोच निघाला.

आता लसीचा आणि पोटाचा संबंध काय, ते ऐका. कोंबडीच्या आतड्यात असंख्य जिवाणू राहतात. पुष्कळसे उपयोगाचे. ते जागा अडवून बसतात, म्हणून वाईट जिवाणूंना थारा मिळत नाही. खुडूक कोंबडीखालचं पिल्लू आईमागं उकिरडा उकरताना हे जिवाणू टिपतं. यंत्रातल्या पिलाला आई कुठली? फिनलंडच्या नुर्मी आणि रंटाला या शास्त्रज्ञांनी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातला अंश नवजात पिलांना दिला. त्या पिलांत साल्मोनेला सहजी घर करू शकला नाही, हे त्यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलं.

पण या वस्तीवर राखण लागते. पिलाच्या गुदद्वाराच्या वर, आतल्या बाजूस 'बर्सा' नावाची लहानशी पिशवी असते. तिथं काही पांढऱ्या पेशी तयार होऊन आतड्याच्या अस्तरात जातात. त्यांनी सोडलेली प्रतिद्रव्यं जिवाणूंना चिकटतात, त्यांना अस्तराला धरू देत नाहीत. पिकातली खुरपणीच म्हणा ना.

गंबोरोचा विषाणू नेमका या बर्स्यावर घाला घालतो. तीन आठवड्यांच्या आत लागण झाली तर पिल्लू वरून ठणठणीत दिसतं, पण राखण गेलेली असते. पुढं हगवण हटत नाही, इतर लसीही नीट लागू पडत नाहीत. अशा वेळी मनानं प्रतिजैविकं पाजली तर उपयोगाचे जिवाणूही मरतात, आणि विषाणू तसाच राहतो. कोलिस्टिन तर २०१९ पासून कोंबड्यांसाठी बंदच आहे.

तेव्हा लस डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशीच पाजा, बहुधा दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास. आणताना बर्फात आणा. पाणी विहिरीचं चालेल, पण ब्लिचिंगचं अजिबात नको. लिटरला अडीच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळा. आधी तासभर पिलं तहानेली ठेवा, म्हणजे लसीचं पाणी दोन तासांत संपेल. पाण्याची भांडी सगळ्यांना पुरतील एवढी मांडा, नाहीतर दुबळी पिलं मागं राहतात. उरलेली लस उद्यासाठी ठेवू नका.