कंप सुटण्यापूर्वीच्या खुणा

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



महोत्सवाच्या या आनंदाच्या दिवसांत व्याधीचा विषय काढणे कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु ज्या वडीलधाऱ्यांनी आपल्या सेवेने व गायनाने हे प्रभुमंदिर गाजते ठेविले, त्यांची शरीरे आता थकत चालली आहेत. त्यांच्या उतारवयात गुपचूप शिरणाऱ्या एका रोगाविषयी चार शब्द सांगणे हे आम्ही महोत्सवाचेच एक कर्तव्य समजतो. हा रोग म्हणजे कंपवात. डॉक्टर त्यास पार्किन्सनचा आजार म्हणतात.

लंडन येथील जेम्स पार्किन्सन या वैद्याने सहा रुग्णांची हकीकत देऊन १८१७ साली या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. मेंदूच्या खालच्या भागी काळसर पेशींचा एक पुंजका असतो. त्या पेशी डोपामिन नावाचे द्रव्य निर्माण करितात व त्याच्या योगे आपल्या हालचाली सुरळीत चालतात. या रोगात त्या पेशी हळूहळू नाश पावतात. आणि हात थरथरू लागेपर्यंत त्यांतील बहुधा निम्म्या किंवा त्याहूनही अधिक नाहीशा झालेल्या असतात. म्हणजे कंप हा रोगाचा आरंभ नव्हे. शिवाय कित्येक रुग्णांस कंप सुटतच नाही.

मग आधीच्या खुणा कोणत्या? पहिली, वास न येणे. वेदीवरील धूप, चुलीवरची फोडणी, वाळत घातलेले बोंबील यांचा वास घरात सर्वांस येतो, एकट्यास मात्र येत नाही. दुसरी, न हटणारा मलावरोध. तिसरी, झोपेतील धुमाकूळ: मनुष्य स्वप्नात जे पाहतो ते निजल्यानिजल्या करू लागतो, ओरडतो, लाथा झाडतो, शेजारी निजलेल्या पत्नीस बुक्कीही बसते. चौथी, मनाची उदासीनता व निष्कारण धास्ती. या खुणा कधी कधी कंपाच्या कित्येक वर्षे आधी दिसतात. यांखेरीज उठताच घेरी येणे, एकच खांदा दुखून आखडणे, आवाज क्षीण होणे, अक्षर बारीक होत जाणे, चालताना एक हात न हलणे, चेहऱ्यावरील भाव मावळणे, याही गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

परंतु कोणी घाबरून जाऊ नये. यांतील प्रत्येक लक्षणास दुसरीही अनेक कारणे असतात. केवळ पोट साफ होत नाही म्हणून कोणास कंपवात जडला असे होत नाही. दोनतीन खुणा एकत्र दिसल्या व टिकून राहिल्या, तर मात्र डॉक्टरांस दाखवावे, व त्यांनी सांगितल्यास मेंदूविकाराच्या तज्ज्ञांकडे जावे.

आता धर्माच्या दृष्टीने दोन शब्द. रात्री ओरडणाऱ्यास बाधा झाली म्हणून कोणी नवस बोलतात. ज्याचा चेहरा निर्विकार झाला त्यास घुम्या किंवा गर्विष्ठ म्हणतात. जो उदास झाला त्याची श्रद्धा उणी पडली असे ठरवितात. बंधूंनो, रोगास दुर्गुणाचे नाव देणे हे प्रीतीच्या आज्ञेविरुद्ध आहे. प्रार्थना अवश्य करावी. परंतु औषधाच्या ऐवजी नव्हे, औषधाबरोबर करावी.

हा रोग समूळ बरा करणारा उपाय अद्याप सापडलेला नाही. तथापि लेव्होडोपा या औषधाने पुष्कळांच्या हालचाली सुधारतात, आणि नियमित व्यायामानेही मोठे साह्य होते. औषध आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. खाजकुहिलीच्या बियांत हेच द्रव्य असते. म्हणून डॉक्टरांस विचारल्यावाचून त्यांचे चूर्ण घेऊ नये.

पोप जॉन पॉल दुसरे १९८६ साली मुंबईस आले, तेव्हा त्यांचा खणखणीत आवाज पुष्कळांनी ऐकिला. पुढे याच रोगाने त्यांचा चेहरा ताठरला व वाणी अडखळू लागली. तरी २००५ साली मृत्यू येईपर्यंत ते लोकांसमोर येत राहिले. मग आपल्या घरातील वृद्धांनी लाजून कोपऱ्यात का बसावे?

आपण दर रविवारी एकमेकांस पाहतो, हा केवढा लाभ आहे! गायकवृंदातील कोणाचा स्वर खालावला, पाठ वाचणारा कोण पुटपुटू लागला, ख्रिस्तप्रसाद घ्यावयास येताना कोणाची पावले घुटमळतात, हे शेजारच्या बाकावर बसणाऱ्यास आधी कळते. शुभवर्तमानातील अठरा वर्षे वाकलेल्या स्त्रीने प्रभूपाशी काहीच मागितले नव्हते. सभास्थानातील गर्दीत प्रभूनेच तिला पाहिले आणि जवळ बोलाविले. तुम्हीही येत्या रविवारी आपल्या बाकावरील वृद्धाची विचारपूस करा, आणि जरूर पडल्यास त्यांस हाती धरून दवाखान्यात न्या. परमेश्वर तुम्हां सर्वांस आशीर्वाद देवो.